शहर लष्कराच्या ताब्यात देण्याची भाषा

संपादक महोदय,

सिंहस्थाची कामे, द्वारका चौकातील कोंडी, गोदापात्रात मिसळणारे सांडपाणी, विषय कोणताही असो, नाशिकमधील चर्चा हल्ली ‘वर्षभर लष्कराच्या ताब्यात द्या, सगळे सुतासारखे सरळ होतील’ या वाक्यावर येऊन थांबते. देवळाली कॅम्पचा रहिवासी या नात्याने जवानांच्या शिस्तीबद्दल मला तिळमात्र शंका नाही; परंतु असे बोलणारे दोन निराळ्या गोष्टींची गल्लत करतात. पूर किंवा दंगलीच्या वेळी लष्कर मुलकी प्रशासनाच्या मागणीवरून मदतीला येते, काम संपताच बराकीत परतते आणि न्यायालये चालूच राहतात. लष्करी कायद्यात, म्हणजेच ‘मार्शल लॉ’मध्ये, मात्र सेनाधिकाऱ्याचा हुकूम हाच कायदा असतो.

महाराष्ट्राने हे भोगलेले आहे. सोलापूर नगरपालिकेने एप्रिल १९३० मध्ये आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकवला होता. मे महिन्यातील गोळीबार व जाळपोळीनंतर १२ तारखेला तेथे मार्शल लॉ पुकारला गेला आणि झेंडा हाती धरणे हाही गुन्हा ठरला. त्यापूर्वी १९१९ मध्ये अमृतसरच्या एका गल्लीतून जाणाऱ्या भारतीयांना जनरल डायरने पोटावर सरपटायला लावले. तेथील अनेक घरांना मागचे दार नसल्याने रहिवाशांना साध्या कामासाठीही घराबाहेर पडणे मुश्कील झाले. त्याच वर्षी अधिकाऱ्यांना खटल्यांपासून वाचवणारा कायदाही झाला. लष्करी कायद्याच्या काळातील कृत्यांना असे संरक्षण देण्याचा अधिकार आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४ नेही संसदेला दिला आहे, याची या मंडळींना बहुधा कल्पना नसावी.

राहिला प्रश्न ‘वर्षभरा’चा. पाकिस्तानचे अध्यक्ष इस्कंदर मिर्झा यांनी ७ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वतःच लष्करी कायदा पुकारून लष्करप्रमुख अयुब खान यांच्या हाती त्याची सूत्रे दिली. वीस दिवसांत अयुब यांनी मिर्झांनाच घरी बसवले. १९७७ मध्ये ९० दिवसांत निवडणुका घेण्याचे वचन देणारे तेथीलच लष्करप्रमुख झिया उल हक १९८८ मध्ये मरेपर्यंत सत्तेवर होते. याउलट दक्षिण कोरियात डिसेंबर २०२४ मध्ये पुकारलेला लष्करी कायदा काही तासांतच मागे घ्यावा लागला, कारण तेथील १९० लोकप्रतिनिधींनी, काहींनी तर कुंपणावरून उड्या मारून, रातोरात संसद गाठली आणि त्याविरुद्ध मतदान केले.

सिंहस्थात तात्पुरते पूल उभारण्यासाठी लष्कराचे अभियंते जरूर बोलवावेत. मात्र मागणीपत्र जिल्हाधिकाऱ्यांचे असावे आणि खर्चाचा व दिरंगाईचा जाब महापालिकेच्या महासभेत विचारता यावा.

— एक वाचक, देवळाली कॅम्प, नाशिक