पडद्यावर न दिसणारे

पूर्णा, जि. परभणी

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की, विमान नियंत्रकाच्या प्रशिक्षणातल्या सिम्युलेटरच्या पडद्यावर सारे दिसत असल्याने चुकायला जागाच राहत नाही. ते वाक्य मनातून जाईना, म्हणून लिहितो.

पडद्याचे बळ मी मानतोच. 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमाने धडकून 349 माणसे गेली, तेव्हा दिल्लीच्या नियंत्रकाला ठिपके दिसत होते, उंची दिसत नव्हती. 15,000 फुटांवर थांबायला सांगितलेले विमान त्याखाली उतरले, हे त्याला कळावे कसे? आज ठिपक्याशेजारी उंची उमटते आणि विमाने जवळ येऊ लागली की इशाराही मिळतो.

तरी 1 जुलै 2002 च्या रात्री जर्मनीतल्या यूबरलिंगेनवर काय घडले, ते तू शांतपणे वाच. झुरिकच्या कक्षात एकटा नियंत्रक दोन टेबले सांभाळत होता, दुरुस्तीच्या कामामुळे पडद्यावरचा इशारा आणि मुख्य फोन दोन्ही बंद होते. जवळ येणाऱ्या दोन विमानांपैकी एकाला त्याने खाली उतरायला सांगितले. त्याच विमानातले टक्कर टाळणारे यंत्र ‘वर चढा’ म्हणत होते, आणि हे त्याला पडद्यावर दिसत नव्हते. वैमानिकांनी माणसाचे ऐकले. विमाने धडकून 71 जीव गेले. अशा वेळी यंत्राचेच ऐकायचे, हा दंडक आता पक्का आहे. वैमानिकाने आपण यंत्राचे ऐकतो आहोत असे कळवले की तू मध्ये सूचना द्यायची नाहीस.

पण ते कळणार रेडिओवरूनच ना? दोन वैमानिक एकदम बोलले तर एकाचेही धड ऐकू येत नाही. मी स्टेशन मास्तर असताना लाइन क्लिअर, म्हणजे पुढच्या स्टेशनकडे गाडी सोडायची परवानगी, घेताना पलीकडच्या मास्तरांनी खूण म्हणून दिलेला आकडा, म्हणजे प्रायव्हेट नंबर, परत म्हणून दाखवत असे. एका पावसाळी रात्री त्यांच्या ‘पंचावन्न’चे मी ‘पंचाण्णव’ ऐकले, तसेच म्हटले, आणि ते ताडकन म्हणाले, “नाही मास्तर, पाच-पाच.” तुम्हाला नऊला ‘नाइनर’ म्हणायला लावतात, तेही इंग्रजीतल्या ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ची गफलत होऊ नये म्हणूनच. वैमानिक आकडा परत म्हणत असताना पुढच्या विमानाकडे मन जाऊ देऊ नकोस, एवढीच माझी कळकळ आहे.

आम्ही तो नंबर वहीत लिहून ठेवत असू. तुम्ही परत म्हटलेला आकडा ऐकताना त्यावर खूण करता की नुसते कानावर विसंबता, ते सवडीने कळव.

तुझे
अण्णा