पुराची तयारी असलेल्या घरांत आगीची तयारी का नसावी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात आपल्या दैनिकात राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पाणीपातळी रोज छापून येते आणि आमच्या शुक्रवार पेठेत सकाळच्या चहाआधी ती वाचली जाते. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी आम्हाला एक शिस्त लावली. कागदपत्रांची पेटी कुठे ठेवायची, धान्याचे डबे केव्हा माडीवर चढवायचे, म्हाताऱ्या माणसांना कोणत्या नातेवाइकांकडे पोहोचवायचे, हे प्रत्येक घरात बोलून ठरलेले असते. घराला आग लागली तर कोणी कोणाला उठवायचे, कोणत्या दाराने निघायचे आणि बाहेर पडल्यावर कुठे थांबायचे, हे मात्र माझ्या माहितीतल्या एकाही घरात ठरलेले नव्हते. आमच्याही नव्हते. त्याची किंमत आमच्या कुटुंबाला मोजावी लागली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमचे घर जुने, दुमजली, लाकडी जिन्याचे. खाली सोपा, स्वयंपाकघर आणि मागे परडे, वर दोन खोल्या. गेल्या मार्गशीर्षात एका रात्री दोनच्या सुमारास पंखा बंद पडला म्हणून मला जाग आली आणि खोलीत धूर भरलेला दिसला. मुलाची विजेवरची दुचाकी जिन्याखाली चार्जिंगला लावलेली होती. एक्स्टेंशन बोर्डाचा जोड तापला आणि शेजारी रचलेल्या रद्दीने पेट घेतला, असे नंतर समजले. त्या वेळी वरच्या मजल्यावर आम्ही पाच जण होतो: सासूबाई, मी, मुलगा, सून आणि सात वर्षांचा नातू. सासूबाईंचे वय अठ्ठ्याहत्तर आहे आणि त्यांचे गुडघे दुखतात. तरीही २०२१ च्या पुरानंतर त्यांचा पलंग आम्हीच वर नेला होता, कारण पाणी खालून येते.

धुराच्या त्या मिनिटांत आम्ही जे जे केले ते पुराने शिकवलेले होते, आणि त्यातले जवळजवळ सगळे चुकीचे ठरले. सासूबाई उठल्या त्या थेट कपाटाकडे गेल्या. पत्र्याची पेटी घेतल्याशिवाय त्या हलेनात, आणि मीही त्यांना ओढण्याऐवजी पेटी काढायला हात लावला. पूर माणसाला दोन दिवस आधी सांगून येतो, म्हणून त्यात सामान वाचवणे शहाणपणाचे असते. आगीला इशारा पातळी नसते. घरातल्या आगीत सुखरूप बाहेर पडायला अनेकदा दोन मिनिटेही हाती नसतात, कारण ज्वाळांच्या आधी धूर पोहोचतो आणि माणसे बहुतेक वेळा धुरानेच दगावतात. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो बळकावतो आणि माणूस गुंगीत जातो. झोपलेल्या माणसाला धुराचा वास जागे करील, हा तर मोठाच गैरसमज आहे. मला वासाने नव्हे, पंखा थांबल्याने जाग आली, हे मी दररोज स्वतःला सांगते.

खाली उतरलो तर सोप्याच्या दाराला आतून सरकता जाळीचा दरवाजा आणि त्याला कुलूप. चोरांच्या भीतीने आम्ही ते रोज लावत असू आणि किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवत असू. मुलाने अंधारात भिंत चाचपत ती शोधली. परड्याचे दार जवळ होते, पण कित्येक वर्षे न उघडलेले. त्याच्यापुढे पाण्याचे पिंप, जुना तांब्याचा बंब आणि पुरातून वाचवलेले फर्निचर रचलेले होते. एका घराला दोन दारे होती आणि आणीबाणीला दोन्ही बंद होती.

सर्वांत वाईट गोष्ट आम्ही बाहेर पडल्यावर घडली. सुनेने नातवाला आधी बाहेर काढले आणि ती सासूबाईंना हात द्यायला उंबऱ्याशी परत आली. तेवढ्यात शेजारच्या काकूंनी थंडीत कुडकुडणाऱ्या पोराला आपल्या घरी नेऊन चादरीत गुंडाळून बसवले. मुलगा शेवटी माझ्याबरोबर आला. गल्लीत जमलेल्या माणसांत त्याला पोर दिसेना. त्याने हाक मारली, उत्तर आले नाही, आणि कोणी अडवायच्या आत तो पुन्हा धुरात शिरून जिना चढला. नातू वीस पावलांवर सुरक्षित बसलेला असताना त्याचा बाप त्याला शोधत आत गुदमरत होता. तालमीच्या पोरांनी त्याला खेचून बाहेर आणले. तीन दिवस तो दवाखान्यात प्राणवायूवर होता. आज तो बरा आहे, पण ती तीन दिवसांची भीती आमच्या घरातून अजून गेलेली नाही.

कुठे जमायचे हे आधी ठरलेले असते, तर तो परत आत गेलाच नसता. आता आमचे ठिकाण ठरले आहे: गल्लीच्या तोंडाशी असलेला पिंपळाचा पार. बाहेर पडलेल्याने सरळ तिथे जायचे, कोणाच्याही घरात जायचे नाही, आणि पाचही जण मोजून होईपर्यंत तिथून हलायचे नाही. कोणी कमी असेल तर आत कोणीही शिरायचे नाही. आत कोण आणि कोणत्या खोलीत आहे, हे अग्निशमन दलाच्या जवानांना सांगायचे. शेजारच्या काकूंनाही आम्ही हे समजावून सांगितले, कारण त्यांच्या मायेत काहीच खोट नव्हती.

त्यानंतर घरातले सगळे एका रविवारी जेवणानंतर बसलो आणि नातवाच्या चित्रकलेच्या वहीत घराचा नकाशा काढला. प्रत्येक खोलीतून बाहेर पडायच्या दोन वाटा दाखवायच्या, असे ठरवले. पहिली वाट दार असते, ती सर्वांना सुचते. दुसरीपाशी अडायला होते, कारण दुसरी वाट बहुधा खिडकी असते आणि कोल्हापुरातल्या खिडक्यांना पक्के गज किंवा ग्रिल असते. माझी सर्व घरमालकांना कळकळीची विनंती आहे की झोपायच्या प्रत्येक खोलीतल्या निदान एका ग्रिलला बिजागरीवर उघडणारे दार करून घ्यावे आणि त्याला आतून कडी लावावी. कुलूप लावल्याशिवाय झोप येत नसेल, तर किल्ली त्याच खिडकीशेजारी, बाहेरचा हात पोहोचणार नाही पण घरातल्या मुलाचा पोहोचेल अशा जागी टांगावी आणि ती दुसऱ्या कशासाठीही तिथून हलवू नये. आमच्या वरच्या मागच्या खिडकीखाली शेजाऱ्यांचा स्लॅब हातभर अंतरावर आहे. इतकी वर्षे ती वाट आमच्या उशाशी होती आणि आम्ही ती गजांनी बुजवून टाकली होती. ओळखीच्या लोहाराने एका दिवसात दार बसवून दिले.

कोणी कोणाला उठवायचे तेही नावानिशी ठरले. सून नातवाला, मी सासूबाईंना, आणि मुलगा दार उघडून सर्वांत आधी बाहेर पडून १०१ ला फोन करणार. आधी फोन आणि मग बाहेर, असे नाही. पत्ता सांगताना घर क्रमांकापेक्षा जवळची तालीम किंवा देऊळ सांगितले तर पेठेत बंब लवकर पोहोचतो. सासूबाईंचा पलंग आम्ही पुन्हा खाली आणला. पावसाळ्यात नदीने ३९ फूट गाठले की त्या वर जातील आणि पाणी ओसरले की खाली येतील. एकाच माणसाला पुरापासून वर आणि आगीपासून खाली ठेवायचे, हा पेच आमच्यासारख्या नदीकाठच्या प्रत्येक घरात आहे आणि त्यावर दुसरा तोडगा मला सापडलेला नाही.

नकाशा काढून भागत नाही, तो पायांना माहीत व्हावा लागतो. पहिल्या सरावात दिवे बंद करून, सर्वांनी अंथरुणातून उठून पारापर्यंत जायला ३ मिनिटे ४० सेकंद घेतली. नातवाचा हात दाराच्या वरच्या कडीपर्यंत पोहोचत नाही, हे तेव्हा कळले. सासूबाईंचा चष्मा आणि काठी उशापासून लांब होती, हेही तेव्हाच कळले. कडी खाली घेतली, काठी पलंगाला बांधली, जिन्याखालची जागा रिकामी केली, गाडी चार्जिंगला दिवसा आणि घराबाहेर लावू लागलो. दुसऱ्या खेपेस १ मिनिट ५० सेकंद लागले. धूर वर चढतो म्हणून जमिनीलगत रांगत कसे जायचे, बंद दाराला हाताची मागची बाजू लावून ते तापले आहे का कसे पाहायचे, तापले असेल तर ते न उघडता दुसऱ्या वाटेने कसे निघायचे, हे आम्ही नातवाकडून करून घेतले. कपड्यांनी पेट घेतला तर पळायचे नाही, जमिनीवर पडून तोंड हातांनी झाकून लोळायचे, हेही त्याने केले. मुले भ्याली की पलंगाखाली किंवा कपाटात लपतात आणि शोधणाऱ्याला सापडत नाहीत. म्हणून त्याला आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो की लपायचे नाही आणि अग्निशमन दलाच्या मुखवट्यातल्या माणसाला घाबरायचे नाही.

दोन्ही वाटा बंद झाल्या तर काय, असे सासूबाईंनी विचारले. तेव्हा खोलीचे दार लावून घ्यावे, फटीत ओले कापड किंवा चादर कोंबावी, खिडकीशी जाऊन विजेरी किंवा पांढरे कापड हलवावे आणि १०१ ला आपण कोणत्या खोलीत आहोत ते सांगावे. नुसते लावून घेतलेले दारही आग आणि धूर बराच वेळ थोपवते. त्यामुळे आता आम्ही रात्री खोल्यांची दारे लोटून झोपतो, आणि खोल्यांत व बोळकांडीत बॅटरीवर चालणारे स्मोक अलार्म लावले आहेत. स्वयंपाकघरात ते लावले तर फोडणीच्या धुराने वाजतात आणि माणसे वैतागून बॅटरी काढून ठेवतात, म्हणून तिथे लावू नयेत. महिन्यातून एकदा बटण दाबून ते तपासण्याचे काम नातवाने आनंदाने स्वतःकडे घेतले आहे.

गॅसबद्दल थोडेच लिहिते, कारण त्याविषयी बरीच जागृती आहे. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो. वास आला तर दिव्याचे वा पंख्याचे कोणतेही बटण लावू नये आणि बंदही करू नये, रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि सर्वांनी बाहेर पडावे. नवरात्रात घटाजवळ नऊ दिवस तेवणारा दिवा पितळी परातीत, पडद्यापासून दूर ठेवावा, इतकीच त्यात माझी भर.

राजारामपुरी आणि ताराबाई पार्कातल्या उंच इमारतींत राहणाऱ्यांनी हा प्रश्न फक्त पेठांचा समजू नये. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार ठरावीक इमारतींतली आगप्रतिबंधक यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी आणि जुलैमध्ये घ्यावे लागते. रहिवाशांनी ते मागून पाहावे. पण जिन्यात ठेवलेले चपलांचे कपाट आणि गच्चीच्या दाराचे कुलूप हटवायला कायद्याची गरज नाही. आग लागल्यावर लिफ्ट वापरायची नाही, हेही मुलांना आधीच सांगून ठेवावे.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. शाहू महाराजांनी उभारलेली, १९१५ पासूनची ती वास्तू डोळ्यांदेखत गेली आणि अख्खे शहर हळहळले. मीही त्या रात्री रडले. परंतु घरी येऊन स्वतःच्या जिन्याखाली पाहावे, हे मला सुचले नाही.

म्हणून दोन विनंत्या. पहिली शहरातल्या तालीम संस्था आणि तरुण मंडळांना. महापुरात याच पोरांनी छातीभर पाण्यातून माणसे काढली आहेत. १९४४ मध्ये १४ एप्रिल रोजी मुंबईच्या गोदीतल्या स्फोटात आणि आगीत ६६ अग्निशामकांनी प्राण गमावले, त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी प्रत्येक तालमीने आपल्या गल्लीत एक सराव घ्यावा, कोणत्या घरात एकटे वृद्ध किंवा चालता न येणारे माणूस आहे याची नोंद करावी, आणि रात्री बंब आत येईल एवढी वाट गाड्यांपासून मोकळी राहील असे पाहावे.

दुसरी विनंती आपल्याला. पाणीपातळी छापता तशी नवरात्राच्या आधी एका रविवारी पाव पान चौकटींची कोरी जागा छापावी, जिच्यावर प्रत्येक कुटुंबाला आपल्या घराचा नकाशा, प्रत्येक खोलीच्या दोन वाटा आणि बाहेर जमायचे ठिकाण काढता येईल. नमुना म्हणून नातवाने काढलेला आमच्या घराचा नकाशा सोबत जोडला आहे. पार त्याने घरापेक्षा मोठा काढला आहे. तो छापणार असाल तर तसाच छापावा, फक्त घर क्रमांक वगळावा.

आपली नम्र,
एक वाचक,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर