रोजनिशीला तारखा नकोत, अनुक्रमणिका हवी

संपादक महोदय,

नव्या वर्षाच्या रोजनिशा फेब्रुवारीतच थांबतात, त्याला आळसापेक्षा छापील तारखा जास्त कारणीभूत असतात. चार दिवस चुकले की कोरी पानं टोचू लागतात. त्यापेक्षा साधी २०० पानी वही घ्यावी. पहिली ४ पानं अनुक्रमणिकेसाठी सोडून बाकीच्यांवर क्रमांक घालावेत. तारीख लिहायला बसू त्याच दिवशी हातानं टाकावी. मनातलं पुढून लिहावं, कामांच्या याद्या मागच्या पानापासून. या दोन्हींची सरमिसळ खरोखर टाळावी, किराणा मध्येच डोकावला की मोकळं लिहिणं आटतं. रविवारी १० मिनिटं अनुक्रमणिका भरावी, राहिलेली कामं नव्या पानावर उतरवावीत. तीनदा उतरवलेलं काम बहुधा खोडण्याजोगंच असतं. शाळांनी आठवीपासून अशी वही जरूर शिकवावी, मात्र ती तपासू नये.

– एक वाचक, सातारा