खालचं घर तुमचं

नागपूर,
रविवार, 9 नोव्हेंबर 2025

प्रिय आई आणि बाबा,

जय ख्रिस्त.

फोनवर हा विषय काढला की बाबा "आवाज तुटतोय" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई "जेवलीस का?" विचारते. म्हणून लिहितेय. आधी सांगूनच टाकते. आमच्या बिल्डिंगमधला तळमजल्यावरचा फ्लॅट मी भाड्याने घेतलाय. डिपॉझिट शुक्रवारी भरलं. नाताळ दरवर्षीसारखा छिंदवाड्यातच करू, नव्या वर्षाची उपासनाही तिथेच, आणि त्यानंतरच्या शनिवारी तुम्ही दोघं माझ्याबरोबर इकडे येताय.

तुम्हाला न विचारता ठरवलं, हे मला टोचतंय. पण विचारलं असतं तर बाबांनी शांतपणे एकेक प्रश्न केला असता आणि शेवटी मीच "बरं, राहू दे" म्हटलं असतं. या वेळी मला तसं म्हणायचं नाहीये.

घर विकायचं नाही. हे दोनदा वाचा. भाड्यानेही द्यायचं नाही. बाबांची खोली आहे तशीच कुलपात राहील, भिंतीवरच्या तक्त्यांसकट. धाकट्याशी बोलून झालंय. तो पुण्याहून मे महिन्यात येईल तेव्हा तिथेच उतरेल.

बाबा, 7 सप्टेंबरच्या रात्री गच्चीवर गेलात याबद्दल मी तुम्हाला काही म्हणणार नाही. खग्रास चंद्रग्रहण, अकरापासून बारा बावीसपर्यंत चंद्र लाल, आणि गल्लीतली पोरं बोलवायला आलेली. तुम्ही गेला नसतात तर मलाच काळजी वाटली असती. पण उतरताना तिसरी पायरी चुकली, मनगट मोडलं, आणि तुम्ही आईला "मुरगळलंय" सांगून दोन दिवस हळद लावून बसलात, ते मला सहन होत नाही. तिसऱ्या दिवशी आईच्या आवाजावरून मला कळलं. मी पोचले तेव्हा प्लास्टर झालेलं होतं आणि त्यावर पोरांनी स्केचपेनने चंद्राच्या कला काढल्या होत्या. अष्टमीची कला उलट्या बाजूला काढलेली, आणि ती तुम्ही डाव्या हाताने, थरथरत्या रेघेत, दुरुस्त केलेली. ती रेघ बघून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तेव्हाच माझं ठरलं होतं.

तुम्ही आयुष्यभर काय केलंत हे मला माहीत नाही असं समजू नका. मी त्याच शाळेत, तुमच्याच वर्गात, तिसऱ्या रांगेत बसून शिकलेय. होशंगाबादचा, पोरांनी स्वतः प्रयोग करून शिकायचा विज्ञान कार्यक्रम 1972 मध्ये सोळा शाळांत सुरू झाला आणि 1978 मध्ये जिल्ह्यातल्या सहावी ते आठवीच्या सगळ्या शाळांत गेला. त्या उन्हाळ्यात तुम्ही पहिल्या प्रशिक्षणाला गेलात, आणि लग्नाला वर्षही न झालेली आई इटारसीच्या त्या दोन खोल्यांत एकटी. आई हे अजून सांगते, पण तक्रार म्हणून नाही. परत आलात ते पेटीभर काचनळ्या आणि भिंगं घेऊन. फूल उघडून बघायला सुया नव्हत्या तर बाभळीचे काटे. आगकाडी आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडून तुम्ही मला त्रिकोण आणि चौकोन करून दिलेत, आणि चौकोन का हलतो नि त्रिकोण का हलत नाही हे माझं मला कळेपर्यंत बोलला नाहीत. मला वाटतं तीन दिवस लागले मला.

आठवीला परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायला परवानगी होती, तेव्हा सौंसरच्या आजीने कपाळावर हात मारला होता. "पुस्तक पाहून कसली परीक्षा?" तुम्ही म्हणालात, "आई, पुस्तकात सापडेल असं काही विचारतच नाही आम्ही."

आणि ते पत्र. पोरं सवालीरामला, म्हणजे कार्यक्रमातल्या त्या काल्पनिक उत्तर देणाऱ्याला, प्रश्न लिहून पाठवायची, म्हणून मीही लिहिलं होतं: झाड स्वतःचं अन्न स्वतः तयार करतं, शेतकरी पिकवतो, आई शिजवते, मग बाबा जेवायच्या आधी देवाचे आभार का मानतात? तुम्हाला ते दप्तरात सापडलं. मला वाटलं आता ओरडा बसणार. तुम्ही दादाजींची ती लूथरची लहान प्रश्नोत्तरी काढलीत, पुठ्ठा सुटलेली, आणि विश्वासांगीकाराचं पहिलं कलम मला वाचायला लावलात. देवाने शरीर दिलं, आत्मा दिला, डोळे, कान, बुद्धी, सगळी ज्ञानेंद्रियं, कपडे, जोडे, अन्न, घर. "यादीत बुद्धी आहे ना? दिलेली वस्तू वापरली नाही तर देणाऱ्याला काय वाटेल?" एवढंच म्हणालात आणि पाकिटाला तिकीट लावून दिलंत.

त्या पुस्तकात प्रत्येक कलमाखाली तोच प्रश्न. रविवारी घरी तुम्ही आम्हा दोघांना विचारायचात, "इसका अर्थ क्या है?" सोमवारी वर्गात विरघळलेल्या मिठाकडे बोट दाखवून तोच प्रश्न, त्याच आवाजात. लहानपणी मला ही दोन वेगळी पुस्तकं आहेत हेच माहीत नव्हतं. दादाजींना तुम्हाला पाळक करायचं होतं, हे मला फार उशिरा, आईकडून कळलं. खडूनेही देवाची हाक पाळता येते, असं तुम्ही त्यांना पत्रात लिहिलं होतंत ना? ते पत्र आईने जपून ठेवलंय. तुम्हाला माहीत नसेल, तिच्या शालूच्या घडीत आहे.

2002 मध्ये कार्यक्रम बंद झाला तेव्हा तुम्ही घरी कोणाशी बोलला नाहीत. रात्री अंगणात बसून एकेक काचनळी धुतलीत, पुसलीत, पेटीत ठेवलीत. दुसऱ्या सोमवारी ती पेटी पुन्हा सायकलला बांधून शाळेत. पुढची तेरा वर्षं, 2015 ला निवृत्त होईपर्यंत, आणि त्यानंतर छिंदवाड्याच्या गल्लीत. 2015 मध्येच आपली छोटी लाईनही, छिंदवाडा-नागपूर नॅरोगेज, बंद झाली. सौंसरला आजीकडे जाताना रुळांचे खटके मोजून गाडीचा वेग काढायचो आपण. परवा मेट्रोत बसल्यावर माझ्या लेकीने विचारलं, "यात खटके का येत नाहीत?" सांगा तिला. मला नीट सांगता आलं नाही.

आता आई, तुझ्यासाठी. ओटा तुझ्या उंचीचा करून घेतला, वाकावं लागणार नाही. कमोड आहे, दोन्ही बाजूंना धरायला दांडे बसवले. मागच्या खोलीत सकाळचं ऊन येतं. दूध म्हशीचंच, भय्या दारात आणून देतो. कढीपत्त्याची कुंडी घेऊन ये, जागा आहे. आणि एक गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवलीय. इथून दहा मिनिटांवर मराठीतून उपासना होते. मागच्या रविवारी मी मागच्या बाकावर बसून ऐकली. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन सुरू झालं आणि मला तू दिसलीस, नगरच्या घरातली, लग्नाआधीची, मी कधी न पाहिलेली. सत्तेचाळीस वर्षं तू बाबांच्या चर्चच्या मंडळीत हिंदीतून गायलीस आणि घरी पोळ्या लाटताना मराठीतून. आता चर्चमध्ये मराठीतून गा.

बाबा, तुमची मंडळी सुटणार म्हणून मी रात्री जागी असते, हे खरं सांगते. शंभर वर्षांहून जुनं नातं आहे, स्वीडिश मिशनऱ्यांच्या काळापासूनचं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तुम्हाला गाडीने नेईन. सव्वाशे किलोमीटर आहे, पहाटे निघालो तर सिलेवानीच्या घाटात उजाडेल. 31 ऑक्टोबरला तरुणांना लूथरने विटेनबर्गला धर्मसुधारणा सुरू केल्याची गोष्ट तुम्हीच सांगायची, पुढच्या वर्षीही. पाळकसाहेबांशी मी बोलले नाही. ते तुम्ही तुमच्या तोंडाने सांगा, तो मान तुमचा आहे.

इथे रमण विज्ञान केंद्र आहे, तारांगण आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये सहावी ते आठवीची पोरं किती आहेत माहीत आहे? अकरा. मी मोजली.

आता ऐका. हयातीचा दाखला याच महिन्यात द्यायचाय, गुरुवारपर्यंत बँकेत जा, रिक्षाने. रक्तदाबाची गोळी संपायच्या आधी आणायची, संपल्यावर नाही. रबरी चेंडू दिवसातून तीनदा दाबायचा, आई मोजेल. नाताळचा तारा टांगायला स्टुलावर चढायचं नाही, मी 20 तारखेला येऊन टांगते. पेटी एकट्याने उचलायची नाही. काचनळ्या वर्तमानपत्रात मी गुंडाळेन, तुम्ही फक्त बाजूला बसून सांगा. आई, तू जिन्यावर बल्ब लावून घे, आजच.

आणि बाबा, 3 मार्चला, होळीच्या सुमारास, चंद्र ग्रहण लागलेलाच उगवणार आहे. पावणेसातच्या सुमारास सुटेल. जेमतेम अर्धा तास मिळेल. आमच्या गच्चीपर्यंत लिफ्ट जाते, पूर्वेला मोठी इमारत नाही, मी वर जाऊन बघून आले. अकरा पोरांना मी सांगून ठेवलंय.

तुमची,
थोरली