आधी चहातला अर्धा चमचा

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, सोमवारपासून भात, चहा, साखर, मटण सगळं बंद. तुझी आई तेव्हापासून काळजीत आहे. तू मनापासून ठरवलंयस हे मला कळतं, म्हणूनच लिहितोय. असं सगळं एकदम सोडलं की माणूस आठ-दहा दिवसांत वैतागतो, मग आधीपेक्षा जास्त खातो आणि आपल्यात जिद्दच नाही असं समजून बसतो. जिद्द तुझ्यात भरपूर आहे. फक्त एका वेळी एकच गोष्ट हातात घे, आणि ती अंगवळणी पडल्याशिवाय दुसरीला हात लावू नको.

चहापासून सुरू कर. तू दिवसाला तीन कप घेतोस, प्रत्येकात दोन चमचे साखर. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहिलेली जास्त चांगली, म्हणजे सहा छोटे चमचे. तुझ्या चहातच तेवढी संपते, बिस्किटं नि कोल्ड्रिंक वेगळंच. चहा सोडू नको. दोनाचे दीड चमचे कर. थोडे दिवस चहा मचूळ लागेल, मग जीभ रुळते. रुळली की एकावर ये.

आणि साखरेऐवजी गूळ घालतो म्हणशील, तर माझं ऐक. सगळं आयुष्य गुळाच्या अडतीत गेलं माझं. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्हा सगळ्यांना केवढा अभिमान वाटला होता! तरीही सांगतो, गूळ म्हणजे बहुतांशी साखरच. चव वेगळी, थोडे क्षार जास्त, पण उष्मांकात म्हणावा तसा फरक नाही. शेंगदाण्यांबरोबर एखादा खडा खा, खुशाल खा. पण गुळाचा आहे म्हणून चहा दोन कप वाढवू नको.

चहाचं जमलं की जेवणाकडे बघ, पण तिथं काही काढण्याआधी काहीतरी घाल. मेसच्या डब्यात चपात्या नि भात भरपूर, भाजी दोन घास. डबा उघडला की आधी एक काकडी नाहीतर गाजर कापून घ्यायचं, मगच पहिला घास. जे रोज करतोसच, त्याला नवीन गोष्ट जोडली की आठवण ठेवावी लागत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. सवय आपोआप घडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने काही बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. हे मुद्दाम लिहितोय, कारण एक दिवस चुकला की सगळंच सोडून द्यायचा तुझा स्वभाव आहे. दुसऱ्या दिवशी काकडी काप, बस्स.

मिठाचं थोडक्यात. दिवसभरात सगळं मिळून एक छोटा चमचा, ५ ग्रॅमच्या आत. आईने दिलेल्या कांदा-लसूण चटणीत मीठ आहेच, ती घातलीस की भाजी चाखून मगच मीठ घाल.

मिसळ सोडायची नाही. मोडाची मटकी चांगलीच असते. भार होतो तो तेलाच्या कटाचा, फरसाणाचा आणि पावाचा. मटकी वाढवून माग, फरसाण अर्धं कर, कट पुन्हा घेऊ नको, पाव एकच. रविवारचा तांबडा-पांढराही राहू दे, वाट्या मात्र मोजून. तालमीतले पैलवान दूध, तूप, बदाम पचवतात ते पहाटे उठून हजारांच्या घरात जोर-बैठका मारून. त्यांचा खुराक बघून आपण खायचा नाही. तू आठ-नऊ तास खुर्चीवर असतोस.

भाकरी मात्र सुरू कर, पण आधी रात्रीच्या जेवणात दोन चपात्यांपैकी एकीच्या जागी. भाकरी, उसळ, कोशिंबीर सगळं एकदम वाढवलंस तर पोट फुगेल नि तुला वाटेल हे मला सोसतच नाही. चोथा हळूहळू वाढवायचा आणि पाणी बरोबरीने प्यायचं.

पुढच्या शनिवारी दादा पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर दहा किलो जोंधळा पाठवतोय. सगळा एकदम दळू नको, आठवड्यापुरताच दळून आण. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना तुटते. थापायला जमत नसेल तर आईला व्हिडिओ कॉल कर, ती संध्याकाळी सातनंतर मोकळी असते.

तुझे,
बाबा