विहिरीकाठचा एकर

डब्लिन, सप्टेंबर

ती. नाना आणि आई यांना शि. सा. नमस्कार. आजीला वेगळा नमस्कार, नाहीतर ती रुसेल.

दादाशी बोलणं झालं. विहिरीकाठच्या एकरात यंदाचा गहू शेवटचा, तो निघाला की डॉगरीजची खुंटं लावून त्यांवर तिथंही थॉमसन द्राक्षाचीच कलमं बांधायची, असं तुमचं ठरतंय म्हणे. फोनवर मी नुसतं हूं हूं केलं. नानांशी बागेवरून फोनवर वाद घालणं म्हणजे फवारणीच्या चालू ब्लोअरशेजारी उभं राहून बोलणं. म्हणून लिहिते आहे. आधी सगळं वाचा, मग रागवा.

मागे सुट्टीत आम्ही स्ट्रोक्सटाउनला गेलो होतो. तिथं एका जमीनदाराची हवेली आहे, तिच्याच आवारात आयर्लंडच्या १८४५ च्या दुष्काळाचं संग्रहालय केलंय. हवेलीत इस्टेटीचे जुने कागद सापडले होते. कुणाचा किती खंड थकला, कुणाला घराबाहेर काढलं, भुकेल्या कुळांचे अर्ज, सगळं त्यात आहे. १८४७ मध्ये या जमीनदाराने आपल्या कुळांतली १४९० माणसं डब्लिनपर्यंत चालवत पाठवली, कालव्याच्या काठाकाठाने सुमारे १६५ किलोमीटर. बायका, लेकरं, म्हातारी, सगळी. पुढे जहाजाने कॅनडाला. भाड्याचे पैसे त्यानेच भरले, कारण इथं पोसण्यापेक्षा ते स्वस्त पडत होतं. कितीतरी जण वाटेतच गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात जमीनदाराला गोळी घालून मारलं.

आणि सुरुवात झाली होती बटाट्याच्या पानावरच्या डागांनी.

बटाटा इथला नव्हेच. तो पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरातला, टिटिकाका सरोवराच्या आसपास हजारो वर्षांपूर्वी माणसाने लावायला घेतलेला. तिथले शेतकरी आजही एकाच वावरात कितीतरी जाती मिसळून लावतात: जांभळ्या, पिवळ्या, वेड्यावाकड्या, काही थंडी सोसणाऱ्या, काही चक्क कडू. कडू बटाटे रात्री हिमात गोठवायचे, दिवसा उन्हात टाकायचे आणि पायाने तुडवून त्यातलं पाणी काढायचं. असं केलेलं वाळवण वर्षानुवर्षं टिकतं. आई, तुला ही रीत आवडली असती, पण आपल्या गच्चीवर बटाटे पायाने तुडवायला आजीने कुणाला चढू दिलं नसतं. लिमा शहरात आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे, तिथं चार हजारांहून जास्त जाती जपल्यात. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर युरोपात आल्या त्या त्यातल्या मूठभर.

युरोपातल्या लोकांनी बराच काळ नाकं मुरडली. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाला १७५६ मध्ये फर्मान काढून बटाटे लावायला लावावे लागले. त्याच्या कबरीवर लोक आजही फुलांबरोबर बटाटे ठेवतात! आयर्लंडला मात्र फर्मानाची गरज पडली नाही. इथं गहू आणि ओट्स खंडापायी जायचे, कुळाच्या पोटाला उरायचा बटाटा. एखाद्या एकरात, तीही हलकी, पाणथळ जमीन, घरादाराचं भागायचं. जोडीला थोडं ताक. कष्टकरी गडी दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खायचा. गरिबांनी हाताशी धरली ती लंपर नावाची जात. चवीला पाणचट, पण कुठंही येणारी आणि उताऱ्याला जबर. १८४१ च्या शिरगणतीत इथं सुमारे ८२ लाख लोक होते. त्यातल्या तीसेक लाखांचं जेवण म्हणजे जवळजवळ फक्त बटाटा.

नाना, बटाटा फोडींनी लावतात, म्हणजे देशभरचा लंपर हा एकाच झाडाचा पसारा. आपली बाग वेगळी आहे का? काडी डॉगरीजवर बांधली की वर येतं ते तेच थॉमसनचं लाकूड. एकाला जे लागतं ते सगळ्यांना लागतं.

१८४५ च्या सप्टेंबरात इथं करपा दिसला. पुढच्या वर्षी जवळजवळ सगळं पीक गेलं. काही ठिकाणी काढताना बटाटा चांगला दिसायचा, पण साठवला की काळा पडून कुजायचा. या रोगाचं शास्त्रीय नाव फायटॉफ्थोरा. नाव परकं आहे, पण तो आपल्या द्राक्षावरच्या डाऊनी रोगाचा भाऊबंद. दोघे बुरशीसारखे दिसतात, तरी खऱ्या बुरशीत मोडत नाहीत. दोघांना ढगाळ हवा आणि ओलं पान हवं. पानावरच्या पाण्यात त्यांचे बीजाणू अक्षरशः पोहतात. फुलोऱ्यात पाऊस लागला त्या वर्षी तुम्ही रात्री बॅटरी घेऊन पानं उलटीसुलटी करत फिरत होतात, ते त्यालाच शोधत.

त्यावरचा उपायही द्राक्षाच्या मळ्यातूनच आला. फ्रान्समध्ये बोर्डोच्या आसपास रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी मोरचूद आणि चुना शिंपायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याने घड तोडू नयेत म्हणून. तिथल्या विद्यापीठातले प्राध्यापक मिलार्दे यांनी पाहिलं की या वेलींवर डाऊनी नाही. १८८५ मध्ये त्यांनी ते मिश्रण जाहीर केलं, पुढे तेच बटाट्याच्या करप्यालाही चाललं. म्हणजे आपण टाकीत कालवतो ते बोर्डो चोर हाकलण्यासाठी निघालेलं. आयर्लंडला मात्र त्याला चाळीस वर्षं उशीर झाला होता.

पण नुसत्या रोगाने इतकी माणसं मरत नाहीत. लोक मरत असताना इथलं धान्य आणि गुरं जहाजांनी इंग्लंडला जातच होती. मदतीचा कारभार लंडनच्या खजिन्यातला ट्रेव्हेलियन नावाचा अधिकारी पाहायचा. सरकारने बाजारात हात घालू नये, या मताचा माणूस. तोच पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला आणि नंतर हिंदुस्थान सरकारचा अर्थ खात्याचा सदस्य. हे वाचल्यावर मी त्या फलकासमोर बराच वेळ उभी होते. दहाएक लाख माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. आजच्या आयर्लंड प्रजासत्ताकाची लोकसंख्या १८५१ नंतर ५० लाखांवर पहिल्यांदा गेली ती थेट २०२२ च्या शिरगणतीत.

आता इथलं हवामान खातं करप्याचा इशारा देतं. हवेत नव्वद टक्के ओलावा आणि दहा अंशांच्या वर तापमान, असे सलग बारा तास गेले की धोका, हा ठोकताळा त्यांच्याच बर्क नावाच्या शास्त्रज्ञाने बसवला. दादाने बागेत बसवलेलं यंत्र मोबाईलवर पान किती तास ओलं राहिलं ते सांगतं, तोच प्रकार.

तुम्ही म्हणाल, आपण द्राक्षं खाऊन नाही, विकून जगतो. तेच तर. लंपर निदान उकडून खाता तरी यायचा. फेब्रुवारीत गारा पडल्या किंवा भाव कोसळला तर थॉमसन घरात आणून काय करणार? त्या एकरातला गहू, हरभरा, बांधावरची तूर आणि आईचा भाजीचा वाफा आज भाव न विचारता घरात येतो. दादा म्हणतो, दुसरी जात लावू. लावा, पण डाऊनीला थॉमसन काय नि शरद काय, सारखेच. शिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेने १९६८ मध्ये कुफरी ज्योती काढली, करप्याला दाद न देणारी म्हणून. पुढे करप्याने रूप बदललं आणि तीही त्याला बळी पडू लागली. गव्हाला पैसा नाही हे मलाही दिसतं, वहीत तो एकर तोट्यातच निघेल. पण मांडवाच्या अँगल-तारांचा खर्च पुन्हा कर्जातूनच होणार ना? इथं बसून शहाणपण शिकवणं सोपं आहे, कबूल. तरी त्या एकराला मांडव घालू नका, एवढंच माझं मागणं.

आई, इकडे येणारं कुणी असेल तर साबुदाणा-बटाट्याच्या चकल्या पाठव. वेफर्स नकोत, त्यांचा चुरा होतो. आणि आजीला हळूच सांग, पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला निघताना ती एकादशीचा जो बटाट्याचा कीस डब्यात घेते, तो निवृत्तीनाथांना ठाऊकच नव्हता. त्यांच्यानंतर कितीतरी शतकांनी बटाटा दर्यापारहून आला. घरचा गहू उपासाला चालत नाही आणि पेरूचा पाहुणा चालतो! भडकली तर दादाचं नाव सांग.

तुमची लेक,
मनीषा