यंदाच्या आगोटीत एवढं वाढवा

बर्मिंगहॅम,
रविवार, २७ एप्रिल २०२५

ती. दादा आणि ती. सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

बुधवारी अक्षय तृतीया, म्हणजे घरात पावसाआधीच्या आगोटीची घाई सुरू झाली असणार. मसाला कुटून झाला का? आई अंगणात सुकटीवरचे कावळे हाकत बसली असेल आणि कौलं चाळायला माणूस मिळत नाही म्हणून बाबा वैतागले असतील. त्यात मी आणखी एक काम तुमच्या मागे लावते आहे. पावसाची बेगमी करताना यंदा साथीचीही करून ठेवा. फोनवर हा विषय काढला की आई "अभद्र बोलू नकोस" म्हणून मला गप्प करते, म्हणून बसून सविस्तर लिहिते.

कुठली साथ येईल हे आज कुणालाच सांगता येणार नाही. पण आमच्या हॉस्पिटलात सध्या बर्ड फ्लूच्या बातमीकडे सगळ्यांचं लक्ष असतं. २०२१ च्या जानेवारीत आपल्या दापोलीत कावळे मरून पडले होते आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला होता, आठवत असेल. त्याच कुळातला एच५एन१ विषाणू गेल्या वर्षी मार्चमध्ये अमेरिकेतल्या दुभत्या गाईंमध्ये सापडला. तिथे आतापर्यंत सत्तरच्या आसपास माणसांना लागण झाली आहे, बहुतेक गोठ्यांत आणि पोल्ट्रीत काम करणारी माणसं, आणि एक जण दगावला. माणसाकडून माणसाला तो अजून सहज जात नाही. पुढे जाईलच असंही नाही. तरी ब्रिटनच्या सरकारने डिसेंबरात एच५ लसीचे ५० लाख डोस आगाऊ घ्यायचं ठरवलं. धोका दारात येण्याआधीच तयारीला लागतात, ते हे असं.

कोंबड्यांचं आधी सांगते. परसातली कोंबडी अचानक मेली, किंवा एकामागून एक मरायला लागल्या, तर नुसत्या हाताने उचलू नका आणि कापून खाऊ तर मुळीच नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. पोरांना मेलेल्या पक्ष्यांजवळ जाऊ देऊ नका. नीट शिजवलेल्या कोंबडी-अंड्याला भिण्याचं कारण नाही, आणि दूध आपण उकळूनच घेतो, ते तसंच चालू राहू दे.

बाबांच्या आजीकडून आलेल्या मानमोडीच्या गोष्टी आपण लहानपणी ऐकल्या आहेत. १९१८ च्या जूनमध्ये तो ताप बोटीने मुंबईला उतरला. ती पहिली लाट बऱ्यापैकी सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरात तो परत आला तो माणसं न्यायलाच. देशात सव्वा कोटी ते पावणेदोन कोटी माणसं गेली असे अंदाज आहेत, आणि त्यात विशी-तिशीतली धडधाकट माणसं फार होती. त्या काळी औषध काहीच नव्हतं. घरातली सगळीच एकदम आडवी झाली की पाणी द्यायलाही कुणी उरायचं नाही. मी नर्स आहे म्हणून मला हेच जास्त दिसतं. म्हणून सामानाच्या यादीआधी घरात दोन गोष्टी ठरवून टाका: आजारी माणूस कुठे राहील आणि त्याचं कोण करील.

कुठे, याचं उत्तर आपल्या घरात तयार आहे. मागच्या पडवीतली खोली. तिला बाहेरून वेगळं दार आहे, दोन बाजूंना खिडक्या आहेत, न्हाणीघर चार पावलांवर आहे. सध्या तिथे नारळ, रिकामी पिंपं आणि बाबांची रद्दी भरली आहे हे मला माहीत आहे. ती मे महिन्यात रिकामी करा. खिडक्यांची गंजलेली कडी बदला, म्हणजे त्या खरंच उघडतील. श्वासातून पसरणारा विषाणू बंद खोलीच्या हवेत साठतो. हवा खेळती राहिली की तो विरळ होतो आणि सेवा करणारा वाचतो. एक छोटा एक्झॉस्ट पंखा बाहेरच्या भिंतीत, हवा बाहेर फेकणारा, बसवून घ्या. घराकडच्या दाराला खालून फट असेल तर गोणपाट लावता येईल. पावसात झडीचं पाणी आत येतं म्हणून आपण खिडक्या लावून घेतो, त्यासाठी बाहेरून झावळ्यांचा किंवा पत्र्याचा आडोसा आत्ताच करून ठेवा.

आता कोण करणार. वहिनी, हे मी मुद्दाम दादाला उद्देशून लिहिते आहे. दादा, आपल्याकडे कुणी आजारी पडलं की न विचारता सगळं वहिनींवर येतं. त्याच स्वयंपाक करणार, त्याच आईला सुई देणार, त्याच उशापायथ्याशी बसणार, आणि मग आजार त्यांच्या हातून चुलीपर्यंत आणि चुलीवरून सगळ्या घराला. साथीत आजाऱ्याचं करणारा एक आणि रांधणारा दुसरा, असंच असलं पाहिजे. तू पेज करायला शीक, मऊभात शीक, आणि आईचं इन्सुलिन कसं द्यायचं ते वहिनींकडून शिकून घे. वहिनी पडल्या तर तू उभा राहिला पाहिजेस. बाबांना दमा आहे, त्यांना त्या खोलीकडे फिरकू द्यायचं नाही, ते कितीही म्हणाले तरी.

मास्कबद्दल थोडं. इथे आम्हाला ड्युटीवर घ्यायच्या आधी मास्कची परीक्षा घेतात. मास्क लावून बसवतात, डोक्यावर पारदर्शक टोपडं चढवतात आणि त्याच्या आत कडू औषधाचा फवारा मारतात. मान वर-खाली करायची, डावीकडे-उजवीकडे वळायचं, मोठ्याने वाचायचं. जिभेला कडू लागलं की मास्क कुठूनतरी गळतोय. चांगल्या कंपनीचा महागडा मास्कही माझ्या नाकापाशी गळला होता आणि दुसऱ्या आकाराचा बरोबर बसला. घरी फवारा नसेल, पण मास्क लावून दोन्ही तळवे त्यावर धरा आणि जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वारा लागला तर नाकावरची पट्टी परत दाबा. एन९५ घ्या, व्हॉल्व नसलेले, कारण व्हॉल्वमधून लावणाऱ्याचा श्वास न गाळता बाहेर जातो. दोन वेगळ्या आकारांचे मिळाले तर उत्तम. आणि दादा, तुझ्या दाढीवर कुठलाच मास्क बसणार नाही, तेव्हा तशी वेळ आली तर दाढी जाईल एवढी मनाची तयारी ठेव.

ऑक्सिमीटर २०२१ मध्ये घेतलेला आहे ना? तो बाहेर काढा, जुने सेल फेकून नवे घाला आणि घरातल्या प्रत्येकाचा आकडा ठणठणीत असताना लिहून ठेवा. बाबांचा दम्यामुळे मुळातच कमी असू शकेल, तो माहीत असलेला बरा. वापरताना पाच मिनिटं शांत बसायचं, हात ऊबदार हवा, बोटाला मेंदी किंवा नेलपॉलिश नको, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. ९४ च्या खाली गेला की डॉक्टरांना फोन, ९० च्या खाली गेला की वाट न बघता १०८. सावळ्या कातडीवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, म्हणून एका आकड्यावर विसंबू नका, उतरता कल बघा. २०२० च्या एप्रिलात आमच्या वॉर्डात माणसं खुर्चीत बसून घरी फोनवर बोलत होती आणि यंत्र ८० दाखवत होतं. दम लागलेला त्यांना कळतच नव्हता. दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय आपल्याला जवळ, पण तिथून रत्नागिरीला पाठवायची वेळ आली तर घाटवळणाचा तो रस्ता किती वेळ खातो हे तुम्हाला मी सांगायला नको. वेळेवर निघणं म्हणजे अर्धं औषध.

औषधांत आईबाबांच्या रोजच्या गोळ्या महिनाभर जास्तीच्या ठेवा, जुन्या आधी संपवायच्या आणि नव्या मागे ठेवायच्या. पॅरासिटामॉल, ओआरएसच्या पुड्या, डिजिटल थर्मामीटर, बाबांचा दम्याचा पंप. ओआरएस संपलंच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. अँटिबायोटिकची पाकिटं साठवू नका, विषाणूवर ती चालत नाहीत. स्टेरॉइडबद्दल तर हात जोडून सांगते. २०२० च्या जूनमध्ये इथल्याच हॉस्पिटलांतल्या चाचणीतून कळलं की डेक्सामेथासोनने ऑक्सिजनवरचे रुग्ण वाचतात. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र त्याचा फायदा दिसला नाही. आपल्याकडे दुसऱ्या लाटेत लोकांनी पहिल्या तापालाच ती गोळी घेतली, साखर वाढली, आणि काळ्या बुरशीने कुणाचा डोळा गेला, कुणाचा जबडा. आईला मधुमेह आहे. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय ती गोळी तिच्या तोंडात जाता कामा नये, मग मेडिकलवाला कितीही ओळखीचा असो. फ्लूची लस आई-बाबा दोघांना पावसाआधी देता येईल का, आणि न्यूमोनियाची, हेही डॉक्टरांना विचारून घ्या.

आपल्याकडे साथ एकटी येत नाही हे निसर्ग वादळाने दाखवलंच आहे. ३ जून २०२०, बाहेर करोना आणि घरावर कौल नाही. आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती, टॉवर बंद, एटीएम बंद. म्हणून थोडी रोकड सुट्ट्या नोटांत घरात असू द्या. सेलवरचा रेडिओ ठेवा, आकाशवाणी रत्नागिरी लागतं. चालू असलेलं इन्सुलिन ३० अंशांच्या आत राहिलं तर साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर टिकतं. न उघडलेल्यासाठी एका मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात लहान मडकं, त्यात बाटली आणि वर ओलं फडकं. फ्रिजइतकं गार होणार नाही, तरी उष्णतेपासून थोडं वाचेल. फ्रीजरच्या जवळ मात्र कधी ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच.

खाण्यापिण्याचं मी काय सांगणार, तांदूळ, कुळीथ, सोलं, सुकी मासळी, पापड हे आपल्या घरात पावसाळाभर असतंच. साबण भरपूर घ्या. टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंगची पावडर थोडी ठेवा, पण ती कधीही अॅसिडमध्ये किंवा संडासाच्या लिक्विडमध्ये मिसळू नका, विषारी वायू होतो. मागच्या वेळी सगळ्यांनी भाज्या साबणाने धुतल्या आणि खिडक्या मात्र बंद ठेवल्या. यंदा उलट करा.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते. २०२० च्या मे महिन्यात मुंबईहून माणसं घरी आली तेव्हा कितीतरी वाड्यांनी वेशीवर बांबू आडवे टाकले. काही शाळांत राहिली, काही गोठ्यात, काही मांगरात. गणपतीला दहा दिवस आधी येऊन विलगीकरणात बसायचं म्हणून कितीजण आलेच नाहीत. वाडीची भीती खोटी नव्हती, घरोघरी म्हातारी माणसं होती. पण दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण राहणाऱ्याने काम बंद पडल्यावर जायचं कुठे? ज्यांच्या पैशावर देवळाचा सभामंडप झाला, त्यांना देवळाच्या पायरीवरून परत पाठवलं. ती अढी अजून गेलेली नाही, आपल्या मुंबईच्या काकांच्या बोलण्यात ती मला दर वेळी जाणवते.

आपल्या वाडीत किती घरं वर्षभर कुलूपबंद असतात बघा. मालक मुंबईत, किल्ली शेजाऱ्याकडे. साथ आली की हीच घरं उघडायची. येणाऱ्या कुटुंबाने तिथे ठरलेले दिवस वेगळं राहायचं, वाडीने दारात पाणी, तांदूळ, भाजी ठेवायची, आशाताईंनी लांबून विचारपूस करायची. त्यासाठी संडास चालू हवा, नळ किंवा विहिरीचा दोर हवा, मीटर तोडलेला नको, आणि मालकाची आधीच संमती हवी. संमती मिळवायला मे महिन्याइतकी सोयीची वेळ नाही, तेव्हा सगळे चाकरमानी घरी असतात. दादा, देवळातल्या बैठकीत पालखीचा हिशेब झाला की हा विषय तू काढ. कुठल्या घराची किल्ली कुणाकडे, कुणाकडे गाडी आहे जी रात्री-अपरात्री निघेल, एकटी राहणारी म्हातारी माणसं कोण आणि त्यांच्याकडे रोज हाक मारायला कोण जाईल, एवढं वहीत लिहून घ्या. लोक म्हणतील आत्ता कशाला. त्यांना म्हण, साथीत ठरवायला बसलो तर बैठकच भरवता येणार नाही.

काका-काकूंना मी वेगळं लिहिते आहे की कधीही, कसल्याही काळात निघावं लागलं तर आपल्या घरी या, माडीवरची खोली तुमचीच आहे. तुम्हीही त्यांना एकदा तोंडाने सांगा, वहिनींनी सांगितलं तर काकूंना जास्त बरं वाटेल.

नवा ऑक्सिमीटर आणि दोन्ही आकारांचे मास्क मी तिकडेच ऑर्डर करते, पार्सल दापोलीत दादाच्या दुकानावर येईल. पंख्याचे आणि आडोशाचे पैसे खात्यावर पाठवले आहेत. पडवीतल्या रद्दीवरून बाबांशी वाद होईल, तेव्हा मला फोन लावून द्या, मी बोलते त्यांच्याशी. बैठकीत कुणी कुणी किल्ल्या द्यायचं कबूल केलं ते मात्र सविस्तर कळवा, आणि कुणी आढेवेढे घेतले तर त्यांचे मुंबईचे नंबर पाठवा.

आई-बाबांना शि. सा. नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुमची,
सुमन